पाव थेंबाची रात्र

बिल ४,८६० रुपयांचं होतं आणि ते आमच्या एका मित्रानं दिलं. नुसतं दिलं नाही, तपासून दिलं. सोड्याच्या सहा बाटल्या लावल्या होत्या, आल्या होत्या पाच. त्यानं वेटरला बोलावलं, टेबलाखालच्या रिकाम्या बाटल्या एकेक करून वर मांडल्या, बिलातल्या त्या ओळीवर काट मारली आणि खाली स्वतःच्या हातानं ४,८२० लिहिलं. पाचशेच्या दहा नोटा मोजल्या. १८० परत आले. त्यातले ८० टीप म्हणून बशीत ठेवले आणि शंभराची नोट बिलासकट शर्टाच्या खिशात घातली. आम्ही पाच जण होतो. माणशी ९६४ होतात, हेही त्यानंच तोंडी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याचा फोन. "काल बिल कोणी भरलं रे? माझे किती द्यायचे?"

आधी वाटलं, थट्टा करतोय. पण खरंच विचारत होता. मटणाची हंडी टेबलावर आली, इथवरचं त्याला स्वच्छ आठवत होतं. पुढचे तीन तास गायब. अंधुकसुद्धा नाहीत. बाटल्या नाहीत, वेटर नाही, रिक्षा नाही, घराचं कुलूप उघडलं तेही नाही.

"दारूनं डोकं काम करेनासं होतं" हे आपण सहज म्हणून जातो. पण हे डोकं काम करत होतं. वेटरची चूक पकडत होतं, भागाकार करत होतं. मग बंद काय पडलं होतं? याचा माग काढायला गेलं, की आकडे आधी अवाढव्य होत जातात आणि मग इतके बारीक, की जिभेवर ठेवले तर कळणारही नाहीत.

२६ लाख परार्ध

आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. म्हणजे ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये पावणेसव्वीस मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. वजन सुमारे २० ग्रॅम. अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, रेणू अगदी चिमुकला असतो: कार्बनचे दोन अणू, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक. नऊ अणूंचा संसार. पाण्यात विरघळतो, तेलकट पडद्यातूनही पार होतो, त्यामुळे शरीरात त्याला कुठंच फारसं अडवलं जात नाही.

एका मोठ्या पेगमध्ये असे रेणू किती? २६ लिहून पुढं २२ शून्यं द्या. इथं आपले लाख आणि कोटी दमतात. सुदैवानं भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त यापुढच्या पायऱ्यांना नावं देऊन ठेवली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपल्या पेगपुढं ही शेवटची पायरीही बुटकी पडते. त्यात सुमारे २६ लाख परार्ध रेणू असतात. जगातल्या ८०० कोटी माणसांनी सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता मोजायला घेतलं, तर एक पेग मोजून संपायला दहा लाख वर्षं लागतील.

हे सगळं उपसायचं काम जवळजवळ एकट्या यकृताचं. ते तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल मोडतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० परार्ध रेणू. वेग ऐकून छाती दडपते, आणि तरीही एका मोठ्या पेगचा निकाल लावायला त्याला अडीच तास लागतात. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाण्याची बादली यांतल्या कशानंही हा वेग वाढत नाही. पेग मात्र दर वीस मिनिटांनी भरला जातो. यकृत आपल्या चालीनं चालतं, बैठक तिच्या चालीनं. दोघांमधलं अंतर रक्तात साचत जातं.

पाव थेंब

आता उलट दिशेनं येऊ.

अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातं. आतड्याच्या आतल्या घड्या आणि लव धरून त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर भरतं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, मुंबईतला एक वन आरके. पोटात अन्न असेल तर जठर आपल्या खालचं दार लवकर उघडत नाही आणि दारू या खोलीत हळूहळू झिरपते. पोट रिकामं असेल तर एकदम पूर येतो. 'आधी काहीतरी खा' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर टिकतो तो यामुळे.

रक्तात गेलेली दारू शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरते. ७० किलोच्या पुरुषाच्या अंगात चाळीसेक लिटर पाणी असतं. आठवणी पुसल्या जाण्याचे प्रकार बहुधा दर १०० मिली रक्तात १६० मिलिग्रॅम अल्कोहोल झालं की दिसू लागतात. आपल्या मोटार वाहन कायद्यानं गाडी चालवणाऱ्यासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे स्मृतीचा दिवा जातो तो कायद्याच्या रेषेच्या पाचपट पुढं.

पण या १६० मिलिग्रॅमचा शरीरभर हिशेब मांडला की आकडा भलताच लहान निघतो. पाच लिटर रक्तात मिळून अल्कोहोल होतं आठ ग्रॅम, चहाचे दोन चमचे. सव्वा ते दीड किलोच्या मेंदूत पोचतं दोन ग्रॅमच्या आसपास, चहाचा अर्धा चमचा. आणि मेंदूत नव्या आठवणी बांधण्याचं काम जिथं चालतं, तो हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग दोन्ही बाजूंचा मिळून जेमतेम सात मिलीचा. त्याच्या वाट्याला येतं सुमारे ११ मिलिग्रॅम.

ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ०.०५ मिलीचा धरतात. त्या मापानं हे झालं थेंबाचा पाव हिस्सा. रात्रीतले तीन तास नाहीसे करायला पाव थेंब पुरतो.

त्या पाव थेंबातही रेणू असतात १,४०० परार्धांहून जास्त. तरी हिप्पोकॅम्पसच्या पाण्यात दर दीड हजार पाण्याच्या रेणूंमागे दारूचा एक, एवढाच त्यांचा मेळ. औषध म्हणून पाहिलं तर दारू अगदी दुबळी. अल्प्राझोलामची चिंतेवरची छोटी गोळी पाव मिलिग्रॅमची असते. मेंदूला शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर ती काम करते, त्याच यंत्रणेवर दारूही काम करते, पण त्यासाठी लागतात २० ग्रॅम, ८० हजार पट. गोळी म्हणजे कुलपाला नेमकी बसणारी किल्ली. दारूकडे अशी किल्ली नाही. ती लोकलच्या दारातल्या गर्दीसारखी आत घुसते आणि नुसत्या संख्येनं काम भागवते. गोळी आणि दारू एकत्र घेणं घातक ठरतं तेही यामुळेच. दोघी एकाच दाराला रेटतात.

एक जलधी

मेंदूच्या आत काय असतं, ते मोजायचं एक विलक्षण तंत्र ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी वापरलं. मानवी मेंदूचं चक्क पातळ सूप करायचं आणि त्यातली पेशीकेंद्रं मोजायची. २००९मध्ये त्यांच्या गटानं जाहीर केलेला आकडा होता ८,६०० कोटी मज्जापेशी. या पेशी एकमेकींना जिथं भेटतात ते सांधे मोजायला गेलं, तर ढोबळ अंदाज एकावर चौदा शून्यं इतका निघतो. भास्कराचार्यांच्या शिडीवर या पायरीचं नाव आहे 'जलधी'. समुद्र. आपल्या डोक्यात शब्दशः एक समुद्र आहे.

दारूच्या प्रत्येक बैठकीत या समुद्रातल्या हजारो पेशी मरतात, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. ते तसं नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ साली संशोधकांनी मद्यासक्तांच्या आणि इतरांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तेव्हा मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशींच्या संख्येत फरक सापडला नाही. कमी झाला होता तो आतला पांढरा भाग, पेशींना जोडणाऱ्या तारांचा.

मग त्या एका रात्री काय होतं? एखादी गोष्ट लक्षात राहते, तेव्हा पेशींमधले काही सांधे घट्ट होतात. बऱ्याच काळासाठी टिकणारं हे घट्ट होणं टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३मध्ये सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवून दिलं. त्यासाठी सांध्यावरचं एक दार उघडावं लागतं. त्याचं नाव एनएमडीए. आणि १९८९मध्ये असं दिसलं, की इथेनॉल नेमकं हे दार अडवतं. त्याच वेळी 'गाबा' नावाची शांत करणारी यंत्रणा ते जोरात लावतं. पेशी जिवंत असतात, बोलत असतात, फक्त सांधे घट्ट होत नाहीत.

पेढीच्या भाषेत सांगायचं तर असं: दिवसभराचे व्यवहार आधी हातातल्या चिठ्ठीवर टिपले जातात. संध्याकाळी दिवाणजी ते वहीत चढवतात, खतावणी करतात. त्या रात्री दुकान उघडं होतं, गिऱ्हाइकं येत होती, गल्ल्यावर पैसे मोजले जात होते, चिठ्ठ्याही लिहिल्या जात होत्या. दिवाणजी तेवढे पेंगले होते. चिठ्ठ्या एकामागून एक केराच्या टोपलीत गेल्या. सकाळी वही उघडली तर पान कोरं. म्हणून 'काल रात्रीचं विसरलो' हे वाक्यच चुकीचं आहे. विसरायला आधी नोंद असावी लागते. 'आठव, आठव' म्हणून कितीही डोकं खाजवलं तरी कोऱ्या पानावर अक्षर उमटणार नाही.

दोन मिनिटं आणि अर्धा तास

चिठ्ठी आणि वही यांच्यात किती अंतर असतं, हे घड्याळ लावून मोजलेलं आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी १९७०मध्ये दहा पुरुषांना चार तासांत १६ ते १८ औंस बर्बन व्हिस्की पाजली. ती ४३ टक्क्यांची होती, आपल्या बाटलीइतकीच कडक. आपल्या मापात आठ ते नऊ मोठे पेग. मग त्यांना मुलांची खेळणी दाखवली आणि विसरणं अवघड जावं असे प्रसंग घडवले. एकात संशोधकानं फ्राइंग पॅन हातात धरून विचारलं, भूक लागली का? पॅनमध्ये होते मेलेले उंदीर.

दोन मिनिटांनी विचारलं तर बहुतेकांनी काय पाहिलं ते बरोबर सांगितलं. अर्ध्या तासानं विचारलं तर निम्म्या लोकांकडे काहीच नव्हतं. चोवीस तासांनी विचारलं, तेव्हाही काहीच नव्हतं. उंदीरसुद्धा नाहीत.

आमच्या मित्राला सोड्याच्या बाटल्या मोजायला दोन मिनिटं पुरली. भागाकाराला दहा सेकंद. घराचा रस्ता तर वर्षांपूर्वीच वहीत चढलेला. बायकोचं नाव, एटीएमचा पिन, गाडी चालवायचं कसब हे सगळं जुनं खातं शाबूत असतं, आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच आहे. बेशुद्ध पडलेला माणूस दिसतो, त्याला उचलून घरी नेता येतं. हा माणूस मात्र गप्पा मारतो, हसतो, किल्ली मागतो. बाहेरून ओळखायची खूण एकच, तीही ढोबळ: तो तेच तेच पुन्हा विचारतो. त्या रात्री आमच्या मित्रानं "मटण बोल्हाईचं आहे का रे?" असं चारदा विचारलं होतं. प्रत्येक वेळी नव्यानं, खऱ्याखुऱ्या कुतूहलानं. आम्ही हसून म्हणालो, चढली. खरं तर तेव्हाच दिवाणजी झोपले होते.

त्या तीन तासांत तो जसा जगला, तसा एक माणूस ५५ वर्षं जगला. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, त्याचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. फेफरं आटोक्यात आलं, पण नवी आठवण त्यानंतर टिकली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, आणि दर भेटीत त्या त्याला नव्यानंच भेटत होत्या. २००८मध्ये, ८२व्या वर्षी तो गेला. पुढच्या वर्षी सॅन डिएगोत त्याच्या मेंदूचे सलग ५३ तास काप घेतले गेले. एकूण २,४०१ काप. वीस हजार दिवस नोंद न झालेल्या त्या मेंदूची शेवटी अशी पानं झाली.

अशी कोरी पानं पक्क्या दारुड्यालाच पडतात, असा समज १९४०च्या दशकात ई. एम. जेलिनेक यांच्या अभ्यासानं रूढ झाला आणि बराच काळ टिकला. २००२मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या ७७२ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा कधी ना कधी दारू प्यायलेल्यांपैकी ५१ टक्क्यांनी सांगितलं, हो, असं झालंय. सवय किती जुनी, यापेक्षा पातळी किती वेगानं चढली याला इथं महत्त्व आहे. ७० किलोच्या पुरुषाच्या अंगात एका वेळी पाऊणशे ग्रॅम अल्कोहोल साचलं, की ढोबळ गणितानं १६० ची पातळी गाठली जाते. म्हणजे रिकाम्या पोटी भराभर घेतलेले पावणेचार मोठे पेग. ५५ किलोच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, तिला अडीच पेगही भरत नाहीत. हा आकडा भरवशाची रेष म्हणून मात्र कोणी धरू नये. काहींचं पान त्याच्या खूप आधीच कोरं पडतं.

तांदळाचा दीड दाणा

एका रात्रीचं पान कोरं राहणं वेगळं आणि वहीच कुरतडली जाणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीमागं दारूइतकाच आणखी एक छोटा आकडा आहे. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आपल्या अख्ख्या शरीरात असतं सुमारे ३० मिलिग्रॅम, तांदळाच्या दीड दाण्याच्या वजनाइतकं. रोज लागतं एक-सव्वा मिलिग्रॅम आणि भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत साठा संपतो. रोज भरपूर पिणारा माणूस जेवत कमी असतो, आणि जे जेवतो त्यातलं थायमिन दारू नीट शोषू देत नाही. साठा आटला की मेंदूतल्या स्मृतीच्या वाटेवरची काही केंद्रं करपतात. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. या रुग्णांची एक खास लकब असते. कोरं पान त्यांना कोरं दिसत नाही. 'काल कुठं होतात?' विचारलं तर ते कधी घडलंच नसलेलं काहीतरी तपशीलवार सांगतात, आणि त्यात खोटेपणाचा लवलेश नसतो. दिवाणजी रिकाम्या जागा मनानंच भरू लागलेले असतात. हा आजार इतका टाळता येण्याजोगा आहे, की ऑस्ट्रेलियानं १९९१पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं.

एवढ्या टोकाला न गेलेल्यांचं काय? ब्रिटनमध्ये ५५० जणांवर ३० वर्षं लक्ष ठेवून शेवटी त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. यांतला एकही व्यसनी म्हणवला जाणारा नव्हता. आठवड्याला सहा ते आठ मोठे पेग एवढ्या मापानं पिणाऱ्यांमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिप्पट आढळली. फ्रान्समध्ये तीन कोटींहून जास्त रुग्णांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा पासष्टीच्या आत स्मृतिभ्रंश झालेले ५७,३५३ जण सापडले. त्यांतल्या ५७ टक्क्यांच्या कागदांवर दारूशी जोडलेलं निदान होतं.

आपल्याकडचा आकडा २०१९च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीतला. भारतात १६ कोटी लोक दारू पितात. २०११च्या जनगणनेतला महाराष्ट्र ११ कोटींचा, म्हणजे जवळजवळ दीड महाराष्ट्र. या पिणाऱ्यांतल्या ५.७ कोटींना त्यासाठी उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. अर्धा महाराष्ट्र.

एक आकडा मात्र दुसऱ्या बाजूचा. जर्मनीत दारू सोडलेल्या काही व्यसनी रुग्णांचे मेंदू सहा-सात आठवड्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा त्यांचं आकारमान जवळपास दोन टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सुमारे पाच चमचे मेंदू परत आला होता. करपलेल्या केंद्रांना ही सवलत नाही, आणि कोऱ्या पानांना तर नाहीच.

आमच्या मित्राला त्या सकाळी आमच्यातल्या एका वात्रटानं सांगितलं, "मी भरलं बिल, माणशी ९६४." त्यानं ताबडतोब पाठवले, वर 'सॉरी, उशीर झाला' असा मेसेज. संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना खिशातून शंभराची नोट आणि बिल निघालं. काट मारलेली ओळ, खाली त्याच्याच अक्षरात ४,८२०. त्यानं त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, 'हे मी?'

मग आम्ही त्याला ती रात्र सांगितली. एकदा, दोनदा, पुढच्या बैठकीत तिसऱ्यांदा. परवा एका लग्नात तो स्वतःच ती पाहुण्यांना सांगत होता. वेटर कसा चपापला, बाटल्यांवर पंख्याची सावली कशी हलत होती, काउंटरवरचा माणूस काय पुटपुटला. यांतलं काहीही आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. मी मध्येच विचारलं, "नक्की पाचच बाटल्या होत्या ना?"

"पाचच," तो म्हणाला. "मी स्वतः मोजल्या ना."